जर्मनीत शिकायला आलात? आधी पोस्टाच्या पेटीवर नाव चिकटवा

दरवर्षी सप्टेंबर उजाडला की कुणाच्या तरी भाचीचा नाहीतर मैत्रिणीच्या धाकट्या भावाचा मेसेज येतो, ताई व्हिसा आला, तिकीट काढलं, आता तिकडे उतरल्यावर काय काय करायचं? मग मी अर्धा अर्धा तास व्हॉइस नोट पाठवत बसते. यावर्षी म्हटलं एकदाच टाइप करून ठेवू, माझाही घसा वाचेल.

तर पहिलं काम. हे सांगितलं की सगळे हसतात. खोलीची किल्ली हातात पडली की बॅगा उघडायच्या आधी खाली जायचं, पोस्टाची पेटी शोधायची आणि तिच्यावर आपलं आडनाव चिकटवायचं. बेलच्या पाटीवर पण. साधा कागद आणि सेलोटेप चालते, सुंदर पाटी नंतर करा. इथे बहुतेक इमारतींत फ्लॅट नंबर नावाची भानगडच नसते, पोस्टमन नाव बघून पत्र टाकतो, नाव दिसलं नाही की पत्र परत. आणि जर्मनीत अजूनही सगळं पत्राने येतं, म्हणजे खरंच सगळं, बँकेचं कार्ड एका पाकिटात, त्याचा पिन दोन दिवसांनी दुसऱ्या पाकिटात, इन्शुरन्सचं कार्ड, टॅक्सचा नंबर, सगळं. माझं बँकेचं कार्ड दोनदा परत गेलं. पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं आणि मी मात्र रोज बँकेच्या नावाने खडे फोडतेय. तिसऱ्या वेळी शेजारच्या आजींनी हाताला धरून खाली नेलं आणि पेटी दाखवली.

नाव कुठलं लावायचं तर पासपोर्टवर आडनाव म्हणून जे आहे तेच, स्पेलिंगसकट. आपल्या लोकांची अजून एक गंमत म्हणजे पासपोर्टवर आपल्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, ते इथे तुमचंच दुसरं नाव समजलं जातं. समजू दे. फक्त एकदा जे लिहिलं तेच सगळीकडे लिहा, बँकेत वडिलांच्या नावासकट आणि युनिव्हर्सिटीत त्याच्याशिवाय असं केलं की पुढे प्रत्येक टेबलावर, ही दोन माणसं आहेत का एकच, हे समजावत बसावं लागतं.

आता मोठं काम, आनमेल्डुंग. म्हणजे मी या शहरात या पत्त्यावर राहते अशी सरकारदरबारी नोंद. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत करायची असा कायदा आहे, पण मोठ्या शहरांत अपॉइंटमेंटच कधीकधी महिन्याभराने मिळते, तेव्हा टेन्शन घेऊ नका, वेळेत बुक केल्याचा मेल जपून ठेवा म्हणजे झालं. सकाळी नोंदणीचं ऑफिस उघडायच्या सुमारास त्यांची वेबसाइट रिफ्रेश करत राहिलं की कुणीतरी कॅन्सल केलेली वेळ हाताला लागते, माझी तशीच लागली. सोबत न्यायचं काय, तर पासपोर्ट, भरलेला फॉर्म, आणि तुम्ही तिथे राहायला आलात असं घरमालकाने सही करून दिलेला एक कागद ज्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग (हा शब्द न अडखळता म्हणायला मला दोन सेमिस्टर लागली). नुसता भाडेकरार दाखवून चालत नाही, हा कागदच लागतो. म्हणून खोली ठरवतानाच, पैसे द्यायच्या आधी, एकच प्रश्न विचारायचा: इथे आनमेल्डुंग करता येईल ना? समोरचा चाचरायला लागला की ती खोली सोडून द्या, कितीही स्वस्त असली तरी. स्टुडंट हॉस्टेल असेल तर हा कागद ऑफिसातून सरळ मिळतो.

फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. तो कशाला असं मलाही वाटलं होतं, तर इथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट चर्चचा टॅक्स सरकारच पगारातून कापून देतं, इन्कम टॅक्सच्या ८ किंवा ९ टक्के, राज्याप्रमाणे. बाकी बहुतेकांना तो लागत नाही. तुम्ही ख्रिश्चन असाल तर मात्र तिथे काय लिहिताय ते समजून लिहा, नोकरी लागल्यावर फरक कळतो.

काम झालं की एक कागद देतात, मेल्डेबेशायनिगुंग, म्हणजे पत्त्याच्या नोंदीचा दाखला. याचे चार फोटो काढा, मेलवर टाका, आईला पण पाठवून ठेवा. कारण आता जी साखळी सुरू होते ती सगळी याच्यावर लटकलेली आहे. काही आठवड्यांनी ११ आकडी टॅक्स नंबर आपोआप घरी येतो (पेटीवर नाव असेल तर!), बऱ्याच बँका खात्यासाठी हा कागद मागतात, व्हिसा वाढवायला हा लागतो, सिटी लायब्ररीच्या कार्डालाही लागतो.

पैशाचं जरा नीट ऐका कारण सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी उघडलेलं खातं, ज्यातून महिन्याला ठराविकच पैसे सुटतात) वर्षाचे ११,९०४ युरो भरून आलेलो असतो ना, मग आता महिन्याला ९९२ मिळणार म्हणून आपण निवांत. पण ते पैसे सुटतात कधी, तर इथलं साधं चालू खातं उघडून त्याचा नंबर ब्लॉक्ड अकाउंटवाल्यांना दिला की मग. खातं उघडायला पत्त्याचा कागद, पत्त्याच्या कागदाला अपॉइंटमेंट, अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी. मधल्या काळात खोलीचं भाडं, डिपॉझिट, युनिव्हर्सिटीची सेमिस्टर फी आणि पोटाला, हे सगळं कशातून द्यायचं? म्हणून दीड-दोन हजार युरो फॉरेक्स कार्डवर आणि त्यातले थोडे रोख असे वेगळे आणाच. हे माझं मत आहे, काही जण कमीत भागवतात, पण मी पहिल्या महिन्यात रूममेटकडून उसने घेतलेत आणि त्यात मजा नसते. ज्या बँका नुसत्या पासपोर्टवर व्हिडिओ कॉलने खातं उघडून देतात त्या आधीच बघून ठेवल्या तर हे चक्र लवकर तुटतं.

डिपॉझिटवरून आठवलं. भाड्याचे दोन आकडे असतात, काल्ट म्हणजे नुसत्या जागेचं आणि वार्म म्हणजे हीटिंग वगैरे धरून. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्ट भाडं, त्यापेक्षा जास्त मागता येत नाही आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला आहे. आणि बाबांनो, खोली न बघता, मी सध्या परदेशात आहे किल्ली कुरियरने पाठवते, आधी पैसे टाका असं कुणी म्हणालं तर ते शंभर टक्के फ्रॉड आहे, फोटो कितीही गोड असू देत. एखाद्याला भारतातूनच खोली ठरवायची असेल तर हॉस्टेलचा अर्ज, आणि तो अॅडमिशनचं पत्र आलं त्याच दिवशी, कारण वेटिंग लिस्ट महिनोनमहिने चालते. खोली ताब्यात घेताना भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा, सिंकवरचा डाग, सगळ्याचे फोटो काढा आणि त्या हँडओव्हरच्या कागदावर लिहून घ्या. दोन वर्षांनी डिपॉझिट परत घेताना हेच फोटो कामाला येतात. रिकामा फ्लॅट म्हणजे इथे कधीकधी खरंच रिकामा असतो बरं, दिवे नाहीत, स्वयंपाकघराच्या जागी नुसती पाण्याची पाइप, आधीचा माणूस ओटा उचलून घेऊन गेलेला. फर्निश्ड आहे का ते विचारा.

किल्ली. दार बाहेरून ओढलं की लॉक होतं, बाहेरच्या बाजूला फिरवायची मूठच नसते. कचरा टाकायला खाली गेलात, किल्ली आत, फोन आत, पायात चप्पल, झालं. रात्री किंवा रविवारी किल्लीवाला बोलावला तर तो शेकडो युरो घेतो. जास्तीची एक किल्ली वर्गातल्या विश्वासू माणसाकडे ठेवा. आणि हरवू नका, पूर्ण इमारतीच्या लॉक सिस्टिमची किल्ली असेल तर खर्च फार मोठा येऊ शकतो.

शक्यतो शनिवारी रात्री किंवा रविवारी पोचू नका. रविवारी दुकानं बंद, म्हणजे सुपरमार्केटसकट बंद, मोठ्या रेल्वे स्टेशनमधली काही उघडी असतात आणि तिथे तोबा गर्दी. ३ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी, तीही नेमकी सगळे येतात त्याच सुमारास. ३१ ऑक्टोबरला उत्तरेकडच्या आणि पूर्वेकडच्या बहुतेक राज्यांत सुट्टी, बव्हेरिया वगैरे ठिकाणी १ नोव्हेंबरला. मी शनिवारी रात्री अकराला पोचले, रविवारचा दिवस विमानात मिळालेल्या बिस्किटांवर काढला.

सुपरमार्केटमध्ये कॅशिअर ज्या स्पीडने वस्तू सरकवते त्याने पहिल्यांदा घाम फुटतो. भरायचं आपणच, पिशवी आपलीच न्यायची, सगळं भराभर ट्रॉलीत टाकून बाजूला जाऊन लावायचं हे शहाण्यासारखं. पाण्याच्या बाटलीवर जे २५ सेंट जास्त लागतात ते डिपॉझिट असतं, फांड म्हणतात, रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की चिठ्ठी येते, ती काउंटरला दिली की बिलातून वजा. बाटली चेपायची नाही, मशीन कोड वाचू शकत नाही मग. नळाचं पाणी बिनधास्त प्या, ते चांगलंच असतं, बाटल्या कशाला उचलायच्या. आणि थोडी रोकड खिशात असू द्या, छोट्या बेकरीत आणि खाण्याच्या गाड्यांवर अजूनही कार्ड नाही म्हणतात.

घरातल्या दोन गोष्टी. एक, हिवाळ्यात पण खिडकी सताड उघडायची, दिवसातून दोन-तीन वेळा, पाच-दहा मिनिटं, हीटर बंद करून. नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि घरमालक ती तुमच्या डिपॉझिटमधून काढतो. भाडेकरारात पण हे लिहिलेलं असतं, मला वाटलं होतं चेष्टा आहे. दोन, फोडणी. प्रत्येक झोपायच्या खोलीत आणि पॅसेजमध्ये स्मोक अलार्म कायद्यानेच असतो, हॉस्टेलमध्ये तर काही ठिकाणी तो थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो. मिरचीची फोडणी, दार उघडं, धूर पॅसेजमध्ये, पाच मजले जिना उतरून अंगणात थंडीत उभे, आणि सगळे तुमच्याकडे बघतायत. स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी उघडी, मग मोहरी. रात्री १० ते सकाळी ६ शांतता, त्यात मिक्सर आणि वॉशिंग मशीन दोन्ही आलं. कचऱ्याचे डबे किती आणि कुठल्या रंगाचे ते इमारतीत लावलेलं असतं, चुकलात की शेजारी येऊन सांगतात, ते भांडण नसतं, त्यांची पद्धतच तशी आहे.

युनिव्हर्सिटी. आधी इमाट्रिकुलात्सिओन, म्हणजे नाव नोंदवणं, त्याला हेल्थ इन्शुरन्स लागतोच. ३० वर्षांच्या आत असाल तर सरकारी इन्शुरन्सचा स्टुडंट रेट मिळतो, तोच घ्या. व्हिसासाठी घेतलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स पुरत नाही. आणि स्वस्त मिळतोय म्हणून एकदा प्रायव्हेट घेतला की शिक्षण संपेपर्यंत सरकारीत परत येणं फार अवघड जातं, हे एजंट सांगत नाहीत. फीसोबत बऱ्याच ठिकाणी देशभर चालणारं सेमिस्टर तिकीट येतं, जे बाकी लोकांना २०२६ पासून महिन्याला ६३ युरोला पडतं ते विद्यार्थ्यांना त्याच्या ६० टक्क्यांत. बस, ट्राम, मेट्रो, लोकल आणि रीजनल गाड्या, सगळ्यात चालतं, फक्त आयसीई, आयसीसारख्या फास्ट गाड्यांत नाही. तिकीट अॅक्टिव्हेट व्हायच्या आधीच्या दिवसांत साधं तिकीट काढत जा. स्टेशनवर गेट नसतं म्हणून वाटतं कोण बघतंय, पण साध्या कपड्यातले चेकर येतात आणि ६० युरो दंड घेतात, मी नवीन आहे हे त्यांनी हजारदा ऐकलेलं असतं.

लेक्चरच्या वेळेपुढे सी. टी. लिहिलं असेल तर लिहिलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांनी सुरू, एस. टी. असेल तर बरोब्बर ठोक्याला. लेक्चर संपलं की सगळे बाकावर टकटक करतात, ती टाळी असते, दचकू नका. मार्क उलटे, १.० म्हणजे सगळ्यात चांगले, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० म्हणजे नापास. पण खरी मेख वेगळीच आहे, कोर्सला नाव घातलं म्हणजे परीक्षेला नाव गेलं असं नसतं. परीक्षेची नोंदणी वेगळी, तिची तारीख वेगळी, ती चुकली तर बसता येत नाही, कुणी फोन करून आठवण देत नाही. आणि बऱ्याच कोर्सेसमध्ये एका पेपरला तीनच प्रयत्न असतात, तिसऱ्यांदा उडालात की तो विषय जर्मनीत परत कुठेच शिकता येत नाही असंही होऊ शकतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात तुमच्या कोर्सचे परीक्षेचे नियम उघडून वाचा, जर्मनमध्ये असतील तर ट्रान्सलेटरमध्ये टाकून वाचा, पण वाचाच. ओरिएंटेशन वीक चुकवू नका, तिथे जी पाच माणसं भेटतात तीच नंतर नोट्स देतात आणि सोफा उचलायला येतात.

आजारी पडलात तर, आणि पहिल्या थंडीत पडालच, साध्या तापाला हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं नाही, तिथे तासन्तास बसवून ठेवतात. जवळचा फॅमिली डॉक्टर आधीच शोधून ठेवा, नवीन पेशंट घेता का असं विचारावं लागतं. रात्री-सुट्टीला डॉक्टर हवा असेल तर ११६११७ ला फोन, जिवावरचं असेल तर ११२, पोलिसांना ११०. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि चिठ्ठी आता इन्शुरन्स कार्डवरच चढते, मेडिकलमध्ये नुसतं कार्ड दाखवायचं. रोजची काही औषधं असतील तर थोडा साठा आणि डॉक्टरचं इंग्रजी पत्र घेऊन या.

व्हिसाची तारीख आत्ता उठून बघा. तो बहुतेक वेळा काही महिन्यांचाच असतो, संपायच्या आत आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या सरकारी ऑफिसात, रेसिडेन्स परमिटचा अर्ज गेलाच पाहिजे. हे ऑफिस उत्तर द्यायला वेळ लावतं म्हणजे भयंकर वेळ लावतं, म्हणून दोन-अडीच महिने आधी अर्ज टाका आणि टाकल्याचा पुरावा ठेवा. अर्ज वेळेत गेला असेल तर निकाल लागेपर्यंत राहायला परवानगी असल्याचा तात्पुरता कागद मागता येतो, तो हातात पडल्याशिवाय भारताचं तिकीट काढू नका.

पार्टटाइम कामाची पहिल्या आठवड्यात घाई नको असं मी म्हणेन, निदान टॅक्स नंबर येऊ द्या. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, युनिव्हर्सिटीतल्याच असिस्टंटच्या कामाचे दिवस त्यात धरत नाहीत, म्हणून सगळे त्याच्या मागे असतात. २०२६ पासून तासाला कमीत कमी १३.९० युरो मिळायलाच हवेत, आपलाच माणूस आहे म्हणून कमीत राबवणारे भेटतात, त्यांना नमस्कार करून निघायचं.

भाषेला उगीच घाबरतात लोक. डेर डी डास तीन लिंगं म्हणून इंग्रजीवाले रडतात, आपल्याला तो ती ते जन्मापासून आहे की. झी आणि डू म्हणजे तुम्ही आणि तू, ऑफिसात नेहमी तुम्ही. आकडे एक-आणि-वीस असे उलटे बोलतात म्हणून हसायच्या आधी एकवीस म्हणून बघा. फक्त खुर्ची त्यांच्याकडे पुल्लिंगी आहे, एवढं पाठ करावं लागतं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मात्र एकदम पडल्यासारखं होतं. कागदांची धावपळ संपते, चार-साडेचारला अंधार पडायला लागण्याचे दिवस जवळ येतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासाभराने मागे जातं आणि घरच्यांशी साडेतीन तासांचं अंतर साडेचार होतं. आपण संध्याकाळी मोकळे होईपर्यंत तिकडे सगळे झोपायच्या तयारीत. मी घड्याळ बदलल्यावर घरी फोन करायची वेळ बदलून सकाळची केली, इथे सातला कॉफी करताना तिकडे साडेअकरा, आई कामं आटपून निवांत बसलेली असते. संध्याकाळी बाहेर पडायला काहीतरी लावून घ्या, युनिव्हर्सिटीच्या स्पोर्ट्स कोर्सेसची फी अगदी कमी असते पण जागा काही मिनिटांत भरतात, त्यांची तारीख सेमिस्टरच्या सुरुवातीलाच बघा.

आणि मग एक दिवस पेटीत टीव्ही-रेडिओच्या फीचं पत्र येतं, महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही नसला तरी. हे फ्रॉड नाही, फेकू नका, उशिराच्या दंडासकट मागे लागतात. फी घरामागे एक असते, शेअर फ्लॅटमध्ये कुणी आधीच भरत असेल तर त्याचा फीचा नंबर कळवायचा आणि आपला वाटा त्याला द्यायचा. हॉस्टेलच्या स्वतंत्र खोल्यांत बहुतेकदा प्रत्येकाला वेगळी पडते.

खोली बदललीत तर परत दोन आठवड्यांत नवीन पत्त्याची नोंद, बँक, इन्शुरन्स, युनिव्हर्सिटी सगळ्यांना कळवणं, आणि पोस्टाकडे पैसे भरून जुन्या पत्त्यावरची पत्रं नवीन पत्त्यावर वळवून घ्यायची. जुन्या पेटीवरचं आपलं नाव जाताना काढून टाका, पुढच्या मुलीला सेलोटेप खरवडत बसायला नको.